वेदनेची साक्ष : सिकलसेल, झाडीपट्टी आणि मराठी समीक्षेतील एक अपुरी संज्ञा

मराठी समीक्षेच्या परिभाषेत गेल्या अर्धशतकात जे शब्द सर्वाधिक वापरले गेले, त्यांत 'वेदना' या शब्दाला अग्रस्थान द्यावे लागेल. दलित साहित्याच्या विवेचनात वेदना, विद्रोह आणि नकार ही त्रयी इतकी रूढ झाली आहे की पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी ती पाठच म्हणून दाखवतो, आणि विद्यापीठांना सादर होणाऱ्या प्रबंधांत तिच्या नावाचे एक प्रकरण हमखास असते. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (1996) या ग्रंथाने तिला सैद्धांतिक अधिष्ठान मिळाले. प्रस्तुत लेखात या त्रयीचे मूल्यमापन करावयाचे नाही. प्रश्न त्याहून लहान आहे, परंतु आपल्या भागात तो टाळता येण्यासारखा नाही. ज्या समाजाच्या साहित्याला आपण वेदनेचे साहित्य म्हणतो, त्याच समाजातील असंख्य माणसे पूर्व विदर्भात एका आनुवंशिक रक्तविकारामुळे अगदी शारीरिक अर्थाने वेदना भोगत असतात. ती डॉक्टरांपुढे मांडताना त्यांना वारंवार अविश्वासाला सामोरे जावे लागते. आणि वेदना हा शब्द ज्यांच्या नित्य वापरात आहे त्या आम्हा साहित्याच्या अभ्यासकांनाही ती फारशी दिसलेली नाही. डॉक्टरांचे न ऐकणे आणि समीक्षकांचे न पाहणे यांच्या मुळाशी एकच वाचनपद्धती असावी, असे मला वाटते. त्या दृष्टीने पुढील विवेचन केले आहे.

रोग आणि प्रदेश

गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. भाताच्या बांध्या, शेकडो तलाव आणि देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडे दाट होत जाणारे जंगल अशी या प्रदेशाची ओळख आहे. पाणी आणि जंगल जेथे एकत्र आहे तेथे हिवतापाचा इतिहासही असतो. सिकलसेलचे जनुक आईवडिलांपैकी एकाकडूनच आले तर व्यक्ती केवळ वाहक राहते, आणि अशा वाहकास गंभीर हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. हे संरक्षण पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडल्यामुळे हे जनुक अशा प्रदेशांत टिकले, वाढले. दोघांकडून आले तर मात्र रोग होतो. गोंड, प्रधान, माडिया यांसारख्या आदिवासी समाजांत आणि पूर्वाश्रमीच्या महार, आजच्या बौद्ध समाजात त्याचे प्रमाण लक्षणीय आहे. इतर काही जातींतही तो कमी प्रमाणात आढळतो. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेल वाहकांविषयीची नोंद 'लॅन्सेट' या नियतकालिकात 1958 मध्ये प्रसिद्ध केली होती. त्याच्या सहा वर्षे आधी, 1952 मध्ये, निलगिरीच्या आदिवासींत या विकाराचा भारतातील पहिला शोध नोंदवला गेला होता. म्हणजे विदर्भातील सिकलसेल ही वैद्यकाला काल-परवा समजलेली गोष्ट नव्हे.

या रोगात प्राणवायू कमी झाला की तांबड्या पेशीतील हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून ताठ धागे बनतात, गोल पेशी विळ्यासारखी वाकडी होते, आणि अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकून पुढचा रक्तप्रवाह थांबवतात. जेथे रक्त पोहोचत नाही तेथे दुखते. हाडांत, पाठीत, छातीत, पोटात. थंडी, शरीरातील पाणी कमी होणे, जंतुसंसर्ग, अतिश्रम ही या दुखण्याची ज्ञात निमित्ते आहेत. हे वाचताना झाडीपट्टीचे श्रमिक वर्ष डोळ्यांपुढे आणावे. मे महिन्याच्या उन्हात तेंदूपत्ता तोडणे, श्रावणात दिवसभर चिखलपाण्यात कमरेत वाकून रोवणी करणे, थंडीच्या तोंडावर धान कापणे. रोगाची निमित्ते आणि रोजगाराचे वेळापत्रक यांत फारसे अंतर उरत नाही. जाता जाता एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. ज्या अवजाराच्या आकारावरून या रोगाला नाव मिळाले ते विळा हे अवजार येथील प्रत्येक घराच्या कुडाला खोचलेले असते, तरीही रोगाचे नाव मात्र इंग्रजीतूनच आले आणि इंग्रजीच राहिले. विळ्याचा संबंध रुग्णाला कोणी सांगितला नसेल, तर सिकलसेल हा त्याच्यासाठी अर्थ नसलेला एक ध्वनी आहे. या रोगाचे दुखणे त्याला त्याआधीपासून ठाऊक होते. त्याला तो वात म्हणत असे.

पुरावा मागितली जाणारी वेदना

सिकलसेलच्या वेदनेचे वैद्यकीय वैशिष्ट्य असे की ती चालू असल्याचे निर्विवादपणे सिद्ध करणारी एकही तपासणी नाही. रुग्णाला सिकलसेल आहे हे इलेक्ट्रोफोरेसिसने निश्चित कळते. परंतु या क्षणी त्याला दुखते आहे, हे कळण्याचा मार्ग त्याचे सांगणे हाच आहे. क्ष-किरण चित्र सामान्य असू शकते. ताप असेलच असे नाही. हिमोग्लोबिन कमी असते, पण ते नेहमीच कमी असते. शिवाय लहानपणापासून दुखण्याची सवय झालेला माणूस ओरडत नाही. तो भिंतीला टेकून बसतो, कोणी बोलले तर उत्तर देतो, क्वचित हसतोही. तीव्र वेदनेचे जे चित्र आपल्या मनात असते त्यात तो बसत नाही. मग "एवढे दुखत असते तर असा बसला असतास का?" हा प्रश्न येतो, आणि त्या प्रश्नाला रुग्णाकडे उत्तर नसते.

अमेरिकेत या अविश्वासाचे रूप निराळे आहे. तेथे हा रोग मुख्यतः कृष्णवर्णीय समाजात आढळतो, आणि आपत्कालीन विभागात तीव्र वेदनाशामक मागणाऱ्या रुग्णाकडे व्यसनी म्हणून पाहिले जाते, अशी तक्रार तेथील रुग्ण आणि अनेक डॉक्टरही दीर्घकाळ करीत आले आहेत. आपल्याकडे व्यसनाचा संशय क्वचितच घेतला जातो, कारण ते औषधच समोर नसते. येथे संशय कामचुकारपणाचा असतो. मुलगी असेल तर लग्नाच्या वा सासरच्या ताणाचा. विद्यार्थी असेल तर परीक्षेच्या भीतीचा. एक डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन, एक सलाईनची बाटली, आणि लोहाच्या गोळ्या. यांपैकी लोहाच्या गोळ्या तर अनेकदा केवळ फिकटपणा पाहून लिहिल्या जातात.

या ठिकाणी डॉक्टरांच्या बाजूने एक गोष्ट सांगणे न्याय्य ठरेल. प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यासमोर बाजाराच्या दिवशी जी रांग असते तिच्यात प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटे येतात. त्यातील बहुतेक जण अंगदुखी सांगतात, आणि बहुतेकांची अंगदुखी श्रमाचीच असते. त्या गर्दीतून एकाचे दुखणे निराळे आहे हे ओळखणे सोपे नाही. परंतु या अडचणीला शास्त्रानेही हातभार लावला, ही गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे. भारतीय रुग्णांत आढळणाऱ्या सिकल जनुकाच्या प्रकारासोबत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण अधिक राहते आणि त्यामुळे रोग सौम्य होतो, हे मत बराच काळ प्रचलित होते. ते सर्वस्वी चुकीचे होते असे नाही. पण नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या बालरुग्णांवरील अभ्यासांनी असे दाखवले की विदर्भातील अनेक मुलांत हा रोग तीव्र स्वरूपातच प्रकट होतो. सरासरीने सौम्य असलेल्या रोगाचा तीव्र वेदनेचा रुग्ण समोर आला की पुस्तक वाचलेला डॉक्टर रुग्णावर शंका घेतो. पुस्तकावर शंका घेण्याचे शिक्षण त्याला मिळालेले नसते.

औषधाचा प्रश्नही याच अविश्वासाच्या छायेत वाढला. 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्यानंतर मॉर्फिन बाळगण्यासाठी अनेक खात्यांचे परवाने लागू लागले आणि रुग्णालयांतील त्याचा वापर झपाट्याने घसरला. केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून कालिकत येथे वेदनोपचाराची जी चळवळ उभारली, तिच्या दीर्घ पाठपुराव्याचा 2014 च्या कायदादुरुस्तीत मोठा वाटा होता. त्या दुरुस्तीने परवान्याची पद्धत सोपी केली. पण सोपा झालेला परवाना कोणी तरी मागावा लागतो. गोंदियाच्या शेजारच्या मध्य प्रदेशात, नीमच-मंदसौरकडे, शासनाच्या देखरेखीखाली अफूची शेती होते, तिच्यापासून मॉर्फिन बनते. आणि त्याच प्रदेशाच्या दुसऱ्या टोकाला लागून असलेल्या आमच्या तालुक्यांत हाडे फुटावीत असे दुखणाऱ्या मुलाला पॅरासिटामॉल मिळते.

शब्दांची गरिबी की कानांची?

वेदना आणि भाषा यांच्या संबंधावर पाश्चात्त्य साहित्यविचारात जे लिखाण झाले त्यातील दोन विधाने आपल्याकडील चर्चांतही वारंवार येतात. व्हर्जिनिया वुल्फ यांनी 1926 साली आजारपणावरील निबंधात तक्रार केली की प्रेमासाठी इंग्रजीत शब्दच शब्द आहेत, पण डोकेदुखीसाठी नाहीत. इलेन स्कॅरी यांनी 'द बॉडी इन पेन' (1985) या ग्रंथात हा विचार पुढे नेला : वेदना भाषेला नुसता विरोध करीत नाही, ती भाषा मोडून टाकते, ज्याला दुखते त्याला त्याहून निश्चित काही नसते आणि जो ऐकतो त्याला त्याहून संशयास्पद काही नसते. स्कॅरी यांच्या विवेचनातील दुसरा भाग मला मोलाचा वाटतो. पहिल्या भागाविषयी मात्र मराठी भाषकाला शंका यावी.

मराठीत दुखण्याला शब्द कमी आहेत असे कोण म्हणेल? कळ येते, चमक निघते, सणक भरते, उसण धरते, पेटका येतो, गोळा येतो, तिडीक जाते, ठणका लागतो. जखम ठसठसते, डोळे चुरचुरतात, पोट मुरडते, पाय वळतात, अंग कसकसते, हाडे फुटतात, सांधे धरतात, रग लागते. यांतील कोणतेही दोन शब्द एकमेकांच्या जागी ठेवता येत नाहीत. कळ येते आणि जाते. ठणका एकाच जागी राहून नाडीसारखा पडत राहतो. चमक क्षणात एका टोकाकडून दुसरीकडे धावते. वेदनेची जागा, गती, लय आणि मुदत एवढी माहिती एकेका शब्दात आहे. मॅकगिल विद्यापीठातील रोनाल्ड मेलझॅक यांनी 1975 मध्ये वेदनामापनासाठी 78 विशेषणांची जी प्रश्नावली तयार केली, तिचा पाया हाच होता की रुग्ण जो शब्द निवडतो तो निदानाला उपयोगी पडतो. मराठीतील ही शब्दसंपदा तशा प्रश्नावलीच्या मापाने मांडण्याचे काम भाषाविभाग आणि वैद्यक यांनी मिळून करण्याजोगे आहे. झाडीबोलीचा विचार केला तर त्याची निकड अधिकच जाणवते. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीच्या अभ्यासाला आयुष्य दिले. ण, ळ, श, छ यांसारखे वर्ण नसलेली, डोळ्याला 'डोरा' म्हणणारी ही बोली बाहेरून आलेल्या डॉक्टरला अशुद्ध मराठी वाटते. बोलणाऱ्याची भाषा अशुद्ध ठरली की त्याच्या सांगण्यातील नेमकेपणाही हिशेबातून जातो.

व्याकरणाचीही साक्ष काढता येईल. मराठीत 'माझा पाय दुखतो' असे म्हणतात. पाय हा कर्ता. 'मला कळ येते' असे म्हणतात; येथे कळ कर्ता आणि माणूस चतुर्थीत, म्हणजे जिच्याकडे ती येते असा. दुखणे ही माणसाने केलेली क्रिया नाही, हे आपली भाषा बोलणाऱ्याच्या मनात असो वा नसो, मानून चालते. कामचुकारपणाचा आरोप या व्याकरणाच्या विरुद्ध जातो. तो दुखणाऱ्याला कर्ता बनवतो.

मग हे शब्द जातात कोठे? ते केस पेपरवर जाताना गळतात. रुग्ण सांगतो की रात्रभर मांडीच्या हाडात ठणका होता, पहाटे तो पाठीत चढला. कागदावर इंग्रजीत 'बॉडी पेन' एवढे दोन शब्द उतरतात. दुसऱ्या खेपेला दुसरा डॉक्टर तोच कागद वाचतो, आणि त्याच्यापर्यंत पोहोचते ती केवळ अंगदुखी. गरिबी शब्दांची असती तर तक्रार भाषेकडे करता आली असती.

घानातील एक उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. सिकलसेल पेशीचे पहिले वर्णन शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी 1910 मध्ये केले. ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेल्या एका तरुणाच्या रक्तात त्यांना त्या दिसल्या, आणि रोगाला पेशीच्या आकाराचे नाव मिळाले. पण पश्चिम आफ्रिकेत हा रोग त्याच्या किती तरी आधीपासून नावानिशी ओळखला जात होता. घानाचे डॉक्टर फेलिक्स कोनोटे-आहुलू यांनी दाखवून दिले की गा भाषेतील 'च्वेच्वीच्वे' आणि शेजारच्या भाषांतील तशीच द्विरुक्त नावे पुन्हा पुन्हा उठणाऱ्या दुखण्याच्या लयीवर बेतलेली आहेत. आपल्या ठसठस, कसकस या शब्दांच्या घडणीशी त्यांचे साम्य सहज ध्यानात येते. सूक्ष्मदर्शकाने रोगाला पेशीचे नाव दिले, लोकांनी त्याला दुखण्याचे दिले होते.

समीक्षेचे वाचन

आता आपल्या दालनाकडे वळू. लिंबाळे यांची मांडणी अशी की दलित साहित्यातील वेदना एका व्यक्तीची नसते, एका दिवसाचीही नसते. ती हजारो वर्षे बहिष्कृत ठेवलेल्या समाजाची असते, आणि म्हणून व्यक्तीने भोगलेली असूनही ती समूहाच्या रूपात प्रकट होते. आस्वादाला आनंदाशी बांधणाऱ्या सौंदर्यशास्त्राला दिलेले हे उत्तर ऐतिहासिक दृष्ट्या आवश्यक होते, याबद्दल दुमत असू नये. मध्यमवर्गीय समीक्षा वेदनेला व्यक्तीचे खाजगी दुःख मानून तिच्यातील अन्याय झाकीत होती. तेथे 'आम्ही' हा शब्द आणणे हीच मोठी गोष्ट होती. मात्र त्यानंतरच्या समीक्षेने या मांडणीचा जो यांत्रिक वापर केला त्यात एक हानी झाली. वेदना म्हटले की लगेच तिचे सामाजिक कारण शोधावयाचे. कारण सापडले की वेदनेकडे पुन्हा पाहण्याची गरज नाही. मजकुरातील शरीर हे अन्यायाकडे जाण्याची पायरी ठरले. डॉक्टर जसा वेदनेला कोणत्या तरी विकृतीची खूण मानतो आणि विकृती न सापडल्यास वेदनाच नाकारतो, तसा समीक्षक तिला शोषणाची खूण मानतो, आणि जी वेदना सरळपणे शोषणात उतरत नाही ती त्याच्या नजरेतून सुटते. हिमोग्लोबिनच्या साखळीतील एका अमिनो आम्लाच्या बदलामुळे होणारी वेदना कोणत्या सवर्णाने दिली, असे विचारता येत नाही. म्हणून ती 'वेदना' या प्रकरणात येत नाही.

ग्रंथ मात्र समीक्षेपेक्षा सावध असतात. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमचं' (1986) पाहावे. हे आत्मकथन पश्चिम महाराष्ट्रातील, फलटण परिसरातील. सिकलसेलशी त्याचा संबंध नाही. परंतु अडलेल्या बाळंतिणीचे, सुइणींच्या अघोरी उपायांचे, बाळंतपणानंतरच्या भुकेचे जे वर्णन त्यात आहे ते कोणत्याही एका सिद्धांताच्या सोयीचे नाही. त्यात जात आहे, दारिद्र्य आहे, घरातल्या पुरुषांची आणि सासवांची सत्ता आहे, अज्ञान आहे. आणि या सर्वांच्या आधी कळा देणारे एक शरीर आहे. लेखिका 'आम्ही' म्हणते, पण तिचे 'आम्ही' शरीरावाचून उभे राहत नाही. या पृष्ठांवर लिहिताना आपण बहुधा 'दुहेरी शोषण' हा शब्द वापरून पुढे जातो. मला वाटते, त्या पृष्ठांवर थांबायला हवे.

वैद्यकविषयक मराठी लेखनाची दुसरी धारा डॉक्टरांची आहे. डॉ. अरुण लिमये यांच्या 'क्लोरोफॉर्म'ने 1978 मध्ये वैद्यकीय व्यवसायाच्या नीतीचा प्रश्न मराठी वाचकापुढे उघडपणे ठेवला आणि तो गाजला. त्याचा रोख भ्रष्टतेवर होता. आपला प्रश्न निराळा आहे, कारण अविश्वास दाखवणारा डॉक्टर प्रामाणिक असू शकतो, किंबहुना बहुधा असतोच. डॉ. अभय बंग यांचे 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे पुस्तक डॉक्टरच रुग्ण झाल्याची कहाणी सांगते. त्याची लोकप्रियता योग्यच आहे. पण सुशिक्षित, नामवंत माणसाचे छातीत दुखणे आणि सालेकसा तालुक्यातील शेतमजूर बाईचे पाठीत दुखणे यांना एकच भाषा, एकच वजन नसते, हे भान ते वाचताना राखावे लागते.

बंग दांपत्याच्या कार्यातील दोन प्रसंग मात्र आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याशी जातात. 1986 मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था स्थापन झाल्यावर आरंभी त्यांनी सिकलसेलवर संशोधन केले. ते शास्त्रीय दृष्ट्या महत्त्वाचे होते, परंतु लोकांना त्यात रस वाटला नाही, असे डॉ. अभय बंग यांनी स्वतःच सांगितले आहे. यावरून त्यांनी असा धडा घेतला की संशोधनाचा विषय लोकांच्या गरजेतून यावा. धडा उत्तमच, पण त्या अनास्थेचा आणखी एक अर्थ लावता येईल. लोकांना दुखण्यावर उपाय हवा होता, आणि रक्ततपासणी त्यांना दुखण्याचे नाव देत होती. दुसरा प्रसंग 1989 चा. गडचिरोलीतील दोन गावांतील 650 स्त्रियांची डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तपासणी केली व 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. 92 टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. त्याआधी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ 8 टक्के होत्या. सार्वजनिक आरोग्याच्या शास्त्राने तोवर ग्रामीण स्त्रीचा विचार गर्भधारणा आणि कुटुंबनियोजन यांपलीकडे फारसा केला नव्हता. पाठ, कंबर, ओटीपोट यांचे दुखणे तिच्या आयुष्याचाच भाग मानले गेले होते. डॉक्टरांकडूनही आणि तिच्याकडूनही. अविश्वास इतका जुना झाला की रुग्ण तो स्वतःच बाळगू लागतो.

'वेदना' या शब्दाचा एक जुना अर्थ येथे आठवतो, आणि ज्या समाजाबद्दल आपण बोलत आहोत त्याने 1956 मध्ये नागपूरला ज्या धम्माचा स्वीकार केला त्याच्याशी तो निगडित असल्याने तो विशेष प्रस्तुत आहे. पाली परंपरेत वेदना म्हणजे कोणतीही जाणीव : सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेली. मराठीत हा अर्थ आकुंचन पावून केवळ दुःखद उरला, आणि समीक्षेत तो आणखी आकुंचन पावून केवळ सामाजिक उरला. संयुत्तनिकायातील सल्लसुत्तात दोन बाणांचा दृष्टांत आहे. शरीराला होणारे दुःख हा पहिला बाण. त्यावरून मनाने केलेला शोक हा दुसरा. ज्ञानी माणूस दुसरा बाण टाळू शकतो. पण पहिला बाण त्यालाही लागतो, हे सुत्त स्वच्छपणे मान्य करते. पाली 'सल्ल', संस्कृत 'शल्य' आणि आपला 'सल' हे एकाच शब्दाचे वंशज आहेत. आज आपण मनातल्या सलाविषयी बोलतो, आणि शरीरात रुतलेला बाण हा त्याचा मूळ अर्थ विसरतो. सुत्तातील दुसरा बाण माणूस स्वतःच स्वतःला मारून घेतो. सिकलसेलच्या रुग्णाला तो बाहेरून मारला जातो, तपासणीच्या टेबलाच्या पलीकडून.

कायदा, मोहीम आणि वर्ग

गेल्या दशकात शासकीय पातळीवर बरेच घडले आहे. 2016 च्या विकलांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने मान्य केलेल्या 21 प्रकारांत सिकलसेलचा समावेश झाला. नागपूरचे संपत रामटेके यांना 2018 मध्ये आणि पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांना 2019 मध्ये पद्मश्री मिळाली; दोघांच्याही कार्याचा केंद्रबिंदू हा रोग होता. 1 जुलै 2023 रोजी शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा आरंभ झाला. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत उच्चाटन ही तिची उद्दिष्टे आहेत. गोंदियात 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, ही जिल्ह्याच्या दृष्टीने मोठी गोष्ट होय. या सर्व प्रयत्नांचे स्वागत करूनही एक निरीक्षण नोंदवावे लागते. मोहिमेचा मुख्य भर तपासणीवर आणि पुढच्या पिढीत रोग येऊ नये यासाठीच्या विवाहपूर्व समुपदेशनावर आहे. ज्याला रोग झालेलाच आहे त्याच्यासाठी हायड्रॉक्सियुरिया आहे, आणि ते नियमित मिळाले तर वेदनेचे झटके कमी होतात, हेही खरे. पण झटका आल्यावर रात्री अकरा वाजता त्याचे म्हणणे कोण खरे मानणार, या प्रश्नाला 2047 ची मुदत लागू पडत नाही. वेदना-अभ्यासाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 मध्ये वेदनेची व्याख्या सुधारताना व्यक्तीने आपल्या वेदनेविषयी केलेल्या कथनाचा आदर राखला जावा, अशी टीप मुद्दाम जोडली. वैद्यकाला हे लिहून ठेवावे लागले, यातच बरेच काही आले.

महाविद्यालयीन अध्यापकाचा या विषयाशी संबंध केवळ अभ्यासक्रमातील आत्मकथनांपुरता नाही. जिल्ह्यातील कोणत्याही कला महाविद्यालयाच्या पटावर या रोगाचे विद्यार्थी असतात. त्यांतील अनेकांनी ते कोणाला सांगितलेले नसते, कारण रोगाचे नाव उच्चारले की जातीचे नावही उच्चारल्यासारखे होते, आणि मुलीच्या बाबतीत लग्नाचा प्रश्न उभा राहतो. झटका चार-सहा दिवस टिकतो. तो घरीच, चुलीजवळ, गरम कापडाच्या शेकाने काढला जातो, कारण रुग्णालयात काय ऐकावे लागते हे ठाऊक असते. घरी काढलेल्या दुखण्याचे प्रमाणपत्र मिळत नाही. प्रमाणपत्र नाही म्हणून पंचाहत्तर टक्के उपस्थितीच्या हिशेबात ते दिवस गैरहजेरीचे धरले जातात. विकलांगांना परीक्षेत मिळू शकणाऱ्या पूरक वेळेसाठीही टक्केवारी लिहिलेले प्रमाणपत्रच लागते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या वेदनेची टक्केवारी ठरवताना मंडळापुढे ती त्या दिवशी हजर असेलच असे नाही.

म्हणजे पुरावा मागणाऱ्यांच्या रांगेत डॉक्टरनंतर आपण उभे आहोत. वेदनेवरील प्रकरण शिकवून झाल्यावर त्याच वर्गातील एखादी मुलगी आठवड्याने परत येते तेव्हा तिच्या अर्जात कारण म्हणून बहुधा 'ताप' लिहिलेले असते. तापाला कोणी उलट प्रश्न करीत नाही.